मधे नदी आहे ना!

नाही, तुम्हीच सांगा, नातू माझा, सून माझी, बाळंतिणीनं पहिला महिना सासरीच बसायचं ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, आणि मलाच जो तो ऐकवतो, ‘पण मधे नदी आहे ना!’ अहो, नदी आहे, समुद्र नाही! माझ्या खिडकीतून विहिणीची वाळत घातलेली चादर दिसते, पुलावरून नेलं तर भांड्यातलं सूप निवत नाही... पण आमच्या देशात ह्वाय नदीच्या त्या काठाला उत्तर म्हणायचं आणि या काठाला दक्षिण! कुणी ठरवलं, मला कुणी विचारलं? तिकडे हिवाळ्यात घरं उबदार राहावीत म्हणून सरकार घरोघरी गरम पाण्याचे नळ फिरवतं, इकडे नाही. का? तर म्हणे दक्षिणेत थंडी नसते! या ना माझ्या घरी, मी आणि म्हातारा टोप्या घालून जेवतो!

तर लानफांगला, सुनेला हो, मुलगा झाला, आणि विहीण दवाखान्यातूनच तिला घेऊन निघाली. ‘विहीणबाई, राग मानू नका, तुमच्याकडे पोर गारठेल. आम्ही बघा, भर थंडीत बिनबाह्यांचं घालून आइसक्रीम खातो!’ अगं, हिवाळ्यात आइसक्रीम, मग उन्हाळ्यात काय शेकोटी करतेस? मी मुलाकडे बघितलं, आता तरी बोलेल, तर जिनशान बुटांकडे बघत म्हणतो, ‘आई, मधे नदी आहे ना...’

मग काय, रोज माशाचं सूप घेऊन मीच पुलावर! विहिणीच्या दारात एकेक कोट उतरवायचा आणि तिनं हसायचं, ‘अजून किती हो? आत माणूस सापडेल ना? तुम्ही दक्षिणेकडचे भारीच नाजूक!’ आता पार खाली दक्षिणेत, ग्वांगझोला दिलेली माझी बहीण मला काय म्हणते माहितीये? ‘ताई, तुम्ही उत्तरेकडचे भारीच राकट!’ म्हणजे मी जायचं कुठे? पुलाच्या मधोमध बसू?

आणि एके दिवशी त्यांच्या गल्लीतला मोठा नळ फुटला... गेली ऊब! त्या घरात ना जाड गोधडी, ना पायाशी घ्यायची गरम पाण्याची पिशवी; लागतेच कुणाला? माझं दार वाजलं, बघते तर सून चादरींत गुंडाळलेली, तिच्या कुशीत बाळ, मागे विहीण, डोक्यावर चक्क टेबलावरचं कापड! ‘वि-विहीणबाई, आ-आत येऊ?’ म्हटलं, ‘या की, पण मधे नदी आहे ना!’

बोलले, आणि घेतलं हो आत! विहिणीला माझा कोट, माझी टोपी, पायाशी गरम पिशवी... आणि बाळ माझ्या मांडीवर, गोधडीत, असं झोपलं! विहीण तिळाच्या सारणाचे गोड गोळे खात म्हणते, ‘बरे असतात की!’ बरे? चार वाट्या संपवल्या!

पण नळ काय, दुरुस्त झालाच. गेली सगळी. घर असं गार पडलं... आणि रात्रीच विहिणीचा फोन, ‘अहो, बाळ माझ्याकडे झोपेना, रडून लाल झालंय, गोधडी घेऊन याच!’

गेले. तेव्हापासून इथेच, उत्तरेत. मांडीवर बाळ, अंगात विहिणीचं बिनबाह्यांचं. काल म्हाताऱ्याचा फोन, ‘कधी येतेस गं? एकटाच टोपी घालून जेवतोय.’ इकडे माझ्या हातात... कुणाला सांगू नका... आइसक्रीम.

म्हटलं, ‘येते हो, पण मधे नदी आहे ना...’