दुसरी टोपी

हॅलो?… हो ताई, मीच… नाही गं, बाहेर नाही येता येत. पोटाला पट्टा बांधलाय, ठोक्यांचं मशीन सुरू आहे. कूससुद्धा बदलायची नाही… हो, उद्या सकाळी नऊला सिझेरियन… ठोके छान आहेत. हा टकटक आवाज येतोय ना, तो लाथाड्याचाच…

माझा आवाज? कुठे बसलाय? काही नाही… बरं, सांगते. पण मध्ये बोलू नकोस.

अगं, सकाळी एक नवी शिकाऊ नर्स आली. फाइलवर 'जुळी' वाचलं आणि दोन पट्टे घेऊन आली. लाथाड्याचे ठोके लगेच सापडले. मग दुसरा पट्टा घेऊन शोधत बसली… हो. उजवीकडे. गुपचूपच्या बाजूला… नाही. नाही सांगितलं मी तिला… कारण तिला माहीत नव्हतं ना, ताई. तो गेल्यापासून पाच आठवड्यांत पहिल्यांदाच कुणाला तरी वाटत होतं, की तिथे ठोके असतील. म्हटलं, शोधू दे. एखाद वेळेस सापडतीलही…

हो, वेडीच आहे मी. पुढे ऐक.

मग मोठ्या सिस्टर आल्या… त्याच, चष्म्याला दोरी लावणाऱ्या. तिच्यावर ओरडल्या नाहीत. पट्टा काढून घेतला, खुर्ची ओढून बसल्या आणि मला विचारलं, या बाजूच्या बाळाला काय नाव ठेवलंय… अगं, कुणी विचारलंच नव्हतं आजवर. सांगितलं, गुपचूप. आणि मग सगळंच बोलून गेले. की तो आधीपासूनच शांत, म्हणून हलायचा थांबला तरी तीन दिवस मला कळलं नाही…

तू नको 'तसं काही नसतं' म्हणूस. त्यांनी फाइल उघडून तारखा दाखवल्या. म्हणाल्या, "त्याच दिवशी आला असतात तरी आम्हाला काही करता आलं नसतं." तेवढंच बोलल्या आणि मला रडू दिलं… हो, भरपूर रडले… ताई, बास. तू म्हणतेस, आई म्हणते, एक तरी आहे ना, त्याला जप. गुपचूपसाठी रडायला लागले की तुम्ही लाथाड्याला पुढे करता. लाथाड्यासाठी हसायला जावं, तर माझीच मला लाज वाटते. मी जायचं कुठे?

आणि एक. तू आणि ह्यांनी डॉक्टरांना सांगितलंत ना, ते बाळ हिला दाखवू नका म्हणून?… सिस्टरनीच सांगितलं. म्हणाल्या, नोंद आहे, पण तुमची सही नाही, तुम्हाला विचारायला हवं… माझ्या भल्यासाठीच, ठाऊक आहे मला… नाही, त्यांनी काही लपवलं नाही. अगदी लहान असेल, रंग गडद असेल, कातडी नाजूक असेल. आधी त्या बघतील, मला सांगतील, मग मी ठरवायचं. नको वाटलं तर आयत्या वेळीही नाही म्हणायचं…

घेणार. जवळ घेणार आहे मी त्याला… रडू नकोस ना गं.

म्हणून सांगते, उद्या येताना आईनं विणलेल्या त्या पिवळ्या टोप्या आण. दोन्ही…

काय?… कधी?… एक टोपी आईनं स्वतः उसवली?… आणि लोकर?… मोजे. लाथाड्याला मोजे… मला दिसू नये म्हणून. बरं… नाही, चिडले नाही… हो, चिडले.

आई आहे ना तिथे? दे तिला… देच.

आई… हो, जेवले. ऐक ना, ते पिवळे मोजे उसव… दोन्ही… टोपी विण परत… लहान लागेल, संत्र्यावर बसेल एवढी. सिस्टरनी मापच दिलंय… माहीत आहे, डोळे दुखतात. ताई टाके मोजेल… नाही वाजणार गं थंडी लाथाड्याला, त्याला उबेत घ्यायला तुम्ही सगळे आहात. याला ती टोपीच तेवढी…

आई, आता सुया घे. विण. सकाळी आठपर्यंत… आणि काठाला नक्षी तीच घाल… हो, अगदी तीच. भावंडं आहेत ती…

ठेवते. सिस्टर आल्यात पट्टा सोडायला.