चेअरमनसाहेबांचं वय गावडे

टाइपरायटरचा मी उगाच कैवार घेत नाही, ऐका. मंचरला आमच्या दूध सोसायटीत कॉम्प्युटर आला तेव्हा मी तिथे कारकून होतो. निवडणुकीची मतदार यादी त्या दिवशी पाचच्या आत फळ्यावर लावायची होती. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने काळ्या पडद्यावर ‘कॉलम’ असा हुकूम टाइप केला आणि नाव, वडील, आडनाव, गाव, वय असे रकाने ओळीने उभे राहिले. फक्त एकाहत्तर वर्षांचे चेअरमन बबन धोंडू गावडे वाकडे गेले. त्यांचं नाव माजी, वडील सरपंच, आडनाव बबन, गाव धोंडू आणि वय गावडे!

“शब्दापुढे जागा दिसली की मशीन नवा रकाना धरतं,” इंजिनिअर म्हणाला. “साहेब, नावाआधीचं ‘माजी सरपंच’ काढू या.”

“ते न्हाई निघायचं, राव!” शेजारी उभे चेअरमन म्हणाले. “आन् वय चुकलं तर माझं मत बाद व्हईल. दुसरं कायतरी बघा.”

पाचला दहा मिनिटं उरली होती. मी म्हणालो, “मग सगळ्यांनाच लावा की!”

इंजिनिअरने एका हुकमात झाडून सगळे सभासद माजी सरपंच केले. यादी सुतासारखी सरळ आली.

फळ्यावर लावून हरकती मागवल्या. एवढ्या माजी सरपंचांपैकी एकाचीही तक्रार आली नाही. आली ती चेअरमनांची.

“या गर्दीत मी लई बारीक दिसतोय. माझं तेवढं ‘माजी सरपंच’ काढा.”

काढलं. नव्या यादीत साहेबांचं आडनाव एकाहत्तर आलं.