प्रतापची रेष

सिंगापुरात यिशुनला बसच्या रांगेत माझ्यापुढं एक नवराबायको उभे. आपलीच मराठी माणसं, मग कान जातोच.

"शिरीष, जूनचं तिकीट रद्द कर. त्या आल्प्समधल्या खडीच्या रस्त्यावर माझा भाऊ सायकल घेऊन गेला तो गेलाच. आता तू नको."

"अगं उल्का, प्रतापच्या सायकलवरचं जीपीएस तेवढं मिळालंय. त्यातली त्याच्या वाटेची रेष तळ्यापाशी संपते. तिथवर जाऊन शोधतो."

"आज भाऊबीज, म्हणून मी ते पाटावर ठेवून ओवाळलं. स्क्रीन लागली."

"त्याची बॅटरी मी काढून ठेवलीय."

"रेष तळ्याच्या पुढं गेलीय. खाली गावात उतरून चर्चसमोरच्या हॉटेलच्या दारात थांबलीय."

"त्याच हॉटेलात मी काल जूनसाठी खोली घेतली. तुला सांगितलंही नव्हतं."

बस आली. दोघं चढलीच नाहीत. मी पण नाही चढलो.