खांबावरची रेघ

— "शिवणवालीनं म्हणे भिंतीवरची रेघ स्वतःच्या हातानं..." एवढंच कानावर आलं बघा साहेब, आणि नळावरच्या त्या दोघी मला बघून गप्प झाल्या. आता अर्धवट ऐकलेलं माझ्या पोटात राहतंय होय? म्हणून तर तुमच्या मदतनिधीच्या कचेरीत कळवलं. — कोणी म्हणजे, कळवलं असेल कोणीतरी. बरं, मीच. लोकांनी दिलेला पैसा, सरकारच्या हातून वाटलेला, त्याचा हिशेब उघडा नको? पूर ओसरल्यावर तुमच्याच माणसांनी घरोघरी लाल रेघा ओढल्या ना, पाणी कुठवर चढलं त्याच्या? गुडघ्यापर्यंत असेल तर मदत म्हणून अंथरूण-भांडी, कमरेपर्यंत असेल तर शिवाय धंद्याचं सामान, त्याच्याही वर गेलं तर कपाट. मग ज्यानं त्यानं आपली रेघ ओढायची म्हटल्यावर उद्या सगळे छताला ओढतील.

शेजारणीच्या त्या शिलाई मशीनचं मला काही नाही हं. मिळालं, छान झालं. जुनं पायानं मारायचं होतं, हे विजेवरचं, वर दिवासुद्धा आहे. घरघर ऐकू येतेय ना भिंतीतून? दिवसभर हेच. आम्हाला काय, तर हे कपाट — दार लावलं की आपोआप उघडतं. पण आपण बोलतो का कुणाला? आमची सून दुपारभर तिच्याकडे काज-बटणं शिकत बसते. इथं चहा टाक म्हटलं की तिचं डोकं दुखतं, तिथं गेली की थांबतं. आणि आमचे हे! लग्न झाल्यापासून घरातला दिवा बदलला नाही त्यांनी, तिला मात्र मशीनसाठी वायर ओढून दिली. म्हणे एकटी बाई आहे. मी काय जत्रेत राहते का?

— काय म्हणता, कबूल केलं तिनं? बघा, मी सांगत नव्हते? ... चुना मारताना रेघ झाकली जाणार म्हणून आधी टेपनं मोजून ठेवली आणि परत तिथंच ओढली? हो, टेप काय, तिच्या गळ्यातच असतो. पण तिथंच ओढली कशावरून? — ही नळी लावून बघितलंत? गवंडी लावतात तसली पाण्याची? एक टोक बोळातल्या खांबावर, तुमच्या खात्याच्या रेघेला, दुसरं तिच्या भिंतीला... आणि? बरोबर आलं? अगदी बरोबर? — असेल. बाई हुशार आहे, ते मी कधी नाकारलं?

आता नळी इकडे कशाला ओढताय? तक्रार तिच्यावर आहे. नाही, भिंत मधली एकच, जमीन सारखी, ते आहेच. पुराचं पाणी काय तिच्याकडे बुटकं आणि आमच्याकडे उंच उभं राहणार आहे? — मीच म्हणाले ना आत्ता. बरं. कपाटामागे आहे आमची रेघ, सरकवा हळूच. खांबापाशी तुमचा जोडीदार टोक नीट धरून आहे ना? ... नळीत हवा असेल. परत बघा. — वीतभर? वीतभर वर कशी असेल? ओढणारा तुमचाच माणूस होता, साहेब. ह्यांनी नुसतं म्हटलं, जरा हात वर घ्या, पाणी हलत होतं, लाट वर लागली होती. लाट धरायची नाही का? मी तर फक्त त्याला प्यायला पाणी दिलं, खुर्ची दिली उभं राहायला —

खुर्ची म्हणजे... दमला होता तो.

कपाट न्यायचं म्हणता? आता? सुनेचे कपडे आहेत त्यात. आणि बोळातून नेणार, सगळ्यांच्या दारावरून? तिच्या दारावरून? — हळू बोला हो. मशीन थांबलं बघा. ऐकतेय ती. आपलं "कपाट" एवढंच गेलं असेल तिच्या कानावर, पुढचं नका बोलू.

निघा तुम्ही. दार ओढून घ्या जाताना.