काचेवरचं बोट

तुरुंगाची भीती मला आयुष्यात एकदाच वाटली, आणि तीही दत्तूच्या एका बोटामुळं!

लढाई नुकतीच संपली होती. आमच्या लोणावळ्याच्या रेडिओ क्लबाला लष्कराच्या हेरखात्याचं संग्रहालय बघायची परवानगी मिळाली. आत बोलायला सक्त मनाई. पण आम्हाला काय त्याचं? क्लबातल्या निम्म्या गप्पा आम्ही टेबलावर बोटं वाजवून, तारेच्या कडकट्ट मोर्स भाषेतच मारायचो.

शत्रूकडून पकडलेल्या एका वायरलेस सेटपुढं आमच्या क्लबातला वलवणचा दत्तू थबकला आणि काचेवर बोटानं वाजवू लागला, "असलाच सेट म्या माळ्यावर बनवलाय. परवाना न्हाई."

मला दरदरून घाम फुटला. तेव्हा विनापरवाना सेट म्हणजे थेट आत! त्याला गप्प करणार, तेवढ्यात मागून काठी वाजली. दाराशी स्टुलावर बसलेला म्हातारा हवालदार फरशीवर काठी आपटत होता. कट्ट, कडकट्ट. "हा हात मी ओळखतो. रोज सकाळी सहाला माझ्या सेटवर ऐकू येतो, तो तूच ना?"

अहो, तार वाजवायची प्रत्येकाची ढब वेगळी असते, हस्ताक्षरासारखी. तरी दत्तूनं काही न कळल्यासारखं छताकडं बघितलं असतं, तर सुटलो असतो. मी त्याचा दंड करकचून धरला. हवालदार डोळ्यांची पापणी न लववता बघत होता.

दत्तूचं बोट काचेकडं गेलंच.

"व्हय, मीच. तुमच्या सेटवर आवाज कसा येतोय?"