कॉम्प्युटर बघतो ना!

...आणि वर मलाच म्हणतात, "आई, तुम्हाला यातलं काही कळत नाही!" नाही कळत बाबा! पण धूर काळा की पांढरा हे कळायला काय शाळेत जावं लागतं? तुम्हीच सांगा!

माझे जावई हो, दुसरं कोण! गाडी आणली तेव्हापासून एकच टुमणं. "आई, इंजिनाला कॉम्प्युटर आहे! इंजिन किती तापलं, हवा किती शिरली, मी पाय किती दाबला, सगळ्या बातम्या त्याच्याकडे. मग तो हुकूम सोडतो, पेट्रोल एवढं फवार, पंखा लाव! आपण नुसतं बसायचं. कॉम्प्युटर बघतो ना!"

बसायचं! ते बरं जमतं त्यांना. तुम्हाला सांगते, घरातही तेच. खुर्चीतून विचारणार, "सगळं ठीक?" आपण म्हणायचं, ठीक. एकदा मी म्हटलं, नळ गळतोय, तर भुवया टाळूला! "कुणी पिळला एवढा? मला आधी का नाही सांगितलं?" अहो, सांगतेय तर अंगावर येताय, आधी सांगितलं असतं तर गिळलंच असतंत! तेव्हापासून माझी थोरली लेक, नात नि मी, तिघींचं उत्तर एकच. ठीक.

मग गाडी काळा धूर ओकायला लागली. थोरलीनं पाहिलं, गप्प. नातीला पेट्रोलचा भपकारा आला, तिनं आईकडे पाहिलं, आईनं डोळे मोठे केले... तीही गप्प!

आणि नेमकी थोरलीची मुलाखत आली. शिकवते ना ती, त्याच शाळेत मुख्याध्यापिकेची जागा. ही हुकली की निवृत्तीपर्यंत खडूच झाडायचा. बिचारी कडक इस्त्री करून, पाठ केलेली उत्तरं पुटपुटत निघाली. म्हणाली, "मी टॅक्सीनं जाते." जावई म्हणाले, "दारात गाडी असताना?" झालं!

चौकापाशी गाडी आचके द्यायला लागली. थोरली हळूच म्हणते, "अहो, गरम झाल्यासारखी वाटतेय..."

"काटा बघ! थंडगार आहे. कॉम्प्युटर बघतो ना!"

एवढं म्हणतायत तोवर बॉनेटमधून भस्सकन वाफ, आणि गाडी चौकाच्या मधोमध ठप्प! मागचे भोंगे वाजवतायत, थोरली घड्याळ बघतेय, नि हे त्या काट्यावर टिचक्या मारतायत!

शेवटी गाडी ओढून नेणारा मेकॅनिक आला. एक नंबरचा बडबड्या. यंत्र जोडलं नि हसतच सुटला. "साहेब, वर अंडं उकडेल एवढी वाफ, आणि तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय इंजिन गारठलंय!"

"त्याला दिसत नाही का?"

"कसं दिसेल? तो बंद डब्यात. ताप सांगणारा सेन्सर बिघडलाय, तो सांगतोय थंड, थंड. म्हणून हा ओरडतोय, अजून पेट्रोल सोडा! आणि पंखा लावतच नाही. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर काय, हुकमाचे ताबेदार. सोड म्हटलं की सोडतात."

"पण सेन्सर खोटं का सांगेल?" जावयांनी थोरलीलाच विचारलं. बाई रस्त्यापलीकडची दुकानं बघायला लागली!

मग काय, त्याच्या ट्रकच्या पुढच्या बाकावर तिघं दाटीवाटीनं, मागे गाडी लोंबकळतेय, अशी आमची भावी मुख्याध्यापिका शाळेच्या फाटकात उतरली. बाहीला ग्रीस! पाठ केलेलं सगळं वाफेबरोबर गेलेलं. मुलाखत घेणाऱ्या साहेबांपैकी एकानं विचारलं, "शाळा कशी चालवाल?" तर ही धुमसतच म्हणाली, "खोलीत बसून नाही चालवणार. वर्गावर्गांत जाऊन स्वतः बघेन. आणि वाईट बातमी आणणाऱ्यावर कधी खेकसणार नाही. खेकसलं की पुढच्या खेपेला तो ठीक म्हणतो, आणि आपण भर चौकात अडकतो!"

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि जागा तिलाच दिली हो!

संध्याकाळी जावई खुर्चीत. तोंड एवढंसं. म्हणाले, "आजपासून घरात खरं बोलायचं. सांग, माझं काही चुकतं का?"

मी कान टवकारले, नातीनंही. आता बोलेल, मुख्याध्यापिका आहे! थोरलीनं तोंड उघडलं, आणि बघते तर यांच्या भुवया वर सरकायला लागलेल्या...

"छे हो," ती म्हणाली. "सगळं ठीक."

काय करणार! गाडीचा सेन्सर बदलून मिळाला. घरातले आम्ही जुनेच.