अण्णांच्या छातीतलं तेल

नंदकुमार: हळू बोल, अण्णा आत जागे आहेत. पुन्हा विचारतो, पद्मा. तू त्यांना काय देतेस?

पद्मजा: देते म्हणजे? सकाळी पेज, दुपारी वरणभात. दादा, तू डॉक्टरांकडून आलास की पोलीस चौकीतून?

नंदकुमार: डॉक्टरांनीच विचारायला लावलंय. क्षय नाही म्हणाले.

पद्मजा: देव पावला! मग त्यांची वेगळी काढलेली कपबशी आधी आत घेते.

वसुधा: थांबा वन्सं, पुढचं ऐका. अहो, सांगा ना.

नंदकुमार: छातीत तेल आहे. थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तेलाचे थेंब. डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना बोलावून दाखवलं, असा रोगी क्वचितच मिळतो म्हणून. मग माझ्याकडे वळले, 'यांना तेल कोण देतं?' मान वर करवेना मला.

पद्मजा: खाल्लेलं पोटात जातं, छातीत कसं जाईल? आणि खाण्याचंच म्हणाल, तर वहिनी, ते डब्यातलं वनस्पती तूप तुम्ही आणता.

वसुधा: ते आम्ही सगळेच खातो. आम्हाला कुठे खोकला आहे? अभ्रे मी धुते, वन्सं. अण्णांच्या उशीचा डाग सोड्यात उकळूनही निघत नाही. आणि दिवेलागणीला उशाशी बसून तुम्ही पुटपुटता काय? शेजारच्या उत्तराबेननीही ऐकलंय.

पद्मजा: म्हणजे अख्ख्या बोरीवलीला कळलं. चेटूक करते मी, असंच ना?

वसुधा: तसं म्हटलं नाही मी.

पद्मजा: आईची ओवी आहे ती.
झोप गं झोपबाई, ये गं हलक्या पाऊली
बापाच्या डोळ्यांवर धर गं साऊली.
झालं समाधान?

नंदकुमार: ओवी राहू दे. डाग कशाचा?

पद्मजा: तिळाच्या तेलाचा. नाकात घालते, आई घालायची तसंच. त्याशिवाय त्यांना झोप येत नाही. आई गेल्यावर तूच म्हणालास, अण्णांचं आता तू बघ.

नंदकुमार: रोज?

पद्मजा: रोज. खोकला वाढला तसं जरा जास्तच. वाटलं, छाती मोकळी होईल.

वसुधा: अगं बाई.

नंदकुमार: आडवं पडून घातलेलं तेल झोपेत श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं. पाण्याने ठसका लागतो, तेलाने लागत नाही. गुपचूप जातं. डॉक्टरांनी समजावलं मला.

पद्मजा: म्हणजे तुला ठाऊक होतं? तरी विचारत राहिलास?

नंदकुमार: लपवतेस का ते पाहत होतो.

पद्मजा: आणि लपवलं असतं तर?

नंदकुमार: ते जाऊ दे. तेलाची बाटली कुठे आहे?

पद्मजा: इथेच आहे. निघेल का ते आतलं?

नंदकुमार: काढता येत नाही. आजपासून थेंबभरही नको. मग वाढायचं थांबलं तर थांबलं.

अण्णा (आतून, खोकत): पद्मे, दिवा लावलास ना? ये मग.

पद्मजा: आले हं, अण्णा! दादा, त्यांना कारण सांगू नकोस. माझं नाव घे हवं तर, पण आईचं नको.

वसुधा: कुणीच काही सांगत नाही. ती बाटली द्या इकडे, वन्सं.

पद्मजा: घ्या. दादा, नुसती बसायला गेले तर चालेल?

नंदकुमार: जा. दार उघडं असू दे.